अर्नेस्टच्या दगडावरचा शब्द

...नाही, मला सांगा, नवरा कोणाचा? माझा. पुरला कोणी? आम्ही. मग त्याच्या डोक्याशी उभा राहणारा दगड कोणाच्या पसंतीचा? तर पाद्रीबुवांच्या! आवार चर्चचं आहे म्हणे, दगडावर काय कोरायचं ते आधी त्यांना विचारावं लागतं. विचारलं. काही मोठं मागितलं नव्हतं हो मी... कविता नको, देवदूत नको, वेलबुट्टी नको. वर नाव, अर्नेस्ट सटक्लिफ, आणि खाली एकच शब्द. स्टबर्न. बस! कारण माणूस हट्टी होता. होता म्हणजे होताच.

तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही चर्चच्या याच हॉलमध्ये चहा पीत आलात, ती मागची खिडकी भर जानेवारीत सताड उघडी कोण ठेवायचं ते तुमच्या गुडघ्यांना विचारा.

तर आमचे हे रेव्हरंड पिम. पोरगेलेसेच आहेत, दक्षिणेकडचे, त्यामुळे आम्हा यॉर्कशरवाल्यांशी आजाऱ्याशी बोलावं तसं हळू बोलतात. "सटक्लिफबाई... तुमचं दुःख मी समजू शकतो..." म्हटलं, दुःख राहू द्या, शब्दाचं बोला. "शब्द जरा... कडक आहे हो. स्टबर्न आपण गाढवाला म्हणतो, बरणीच्या झाकणाला म्हणतो, न निघणाऱ्या डागाला म्हणतो." म्हटलं, अगदी बरोबर! जन्मभर घासलं मी. निघाला का?

यावर त्यांनी कपाटातून हा एवढा जाडजूड कोश काढला. त्यात म्हणे एकेका शब्दाचे सगळे सोयरे एका जागी बसवलेले असतात. "स्टेडफास्ट घ्या ना. अर्थ तोच, पण किती भारदस्त!" आता स्टेडफास्ट म्हणजे काय हो? स्टबर्नच, पण आंघोळ करून चर्चला आलेला. मग म्हणाले रेझोल्यूट. ते मला बोटीचं नाव वाटतं. मग म्हणाले डिटरमाइन्ड. तो शब्द मास्तर लोक प्रगतिपुस्तकात लिहितात, पोर सगळ्या विषयांत गटांगळ्या खात असलं की! पिग-हेडेड तेवढा त्यांनी वाचलाच नाही, पान उलटलं. तो मीही दगडावर घातला नसता, तो आमचा घरातला शब्द होता.

बरं, माझ्या बाजूने कोणी बोलेल? आमची जॅनिस, पोटची पोर, लीड्सहून आली ती पाद्रीबुवांच्याच बाजूला जाऊन बसली. "आई, लोक वाचतील गं!" म्हटलं, वाचू देत की, कोरतात कशासाठी? "प्रेमळ पिता लिहू या ना." अगं, मेल्यावर कोण प्रेमळ नसतो? जा, त्या थडग्यांच्या रांगेतून फिरून ये, या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे प्रेमळ! मग या गावात इतकी वर्षं भांडत कोण होतं? एकट्या अर्नेस्टने केली सगळी भांडणं?

आणि खोटं का लिहायचं? एकदा समुद्रावर निघालो, व्हिटबीला. नकाशा माझ्या मांडीवर, मी म्हणतेय डावीकडे, हा वळला उजवीकडे, पोचलो भलत्याच गावी, स्कारबरोला. कबूल करेल तर शपथ! "समुद्र आहे ना? मासे-चिप्स आहेत ना? मग झालं तर." आणि घरी येऊन सगळ्या फोटोंमागे व्हिटबी लिहिलं. अहो, मेल्यावरसुद्धा तेच! दगड उभा करायचा तर खालची माती आधी नीट बसावी लागते. नॉर्मन पाथरवट दर महिन्याला येऊन पाय आपटून बघतोय आणि मान हलवतोय. "अजून बसली नाही, मेव्हिस." म्हटलं, बसणार कशी, खाली कोण आहे! माणूस हट्टी होता. होता म्हणजे होताच.

शेवटी रेव्हरंड पिम म्हणाले, "सटक्लिफबाई, पण त्या माणसाचं काही चांगलं नको का दगडावर?" तेव्हा मात्र मला राग आला हो. खरा राग. म्हटलं, मी चांगलंच लिहितेय! माझं ते मोठं ऑपरेशन झालं तेव्हा नर्स म्हणाली, भेटीची वेळ संपली, घरी जा. हा खुर्चीत. मोठी नर्स आली. हा खुर्चीत. डॉक्टर येऊन म्हणाले, काका, तुम्ही थांबून काही फरक पडणार नाही, त्या शुद्धीवर येतील की नाही तेच सांगता येत नाही. हा म्हणाला, "येईल. मला विचारल्याशिवाय ती कुठे जात नाही." ...आले की नाही मी? डोळे उघडले तर समोर हा, कोट घालून, टोपी मांडीवर, आणि पहिलं वाक्य काय, तर "उशीर केलास." तुमचा तो स्टेडफास्ट माणूस असता ना, नर्सने सांगितल्यावर गुपचूप घरी गेला असता. माझ्यासाठी जो बसून राहिला तो स्टबर्न होता. तोच शब्द पाहिजे मला, दुसरा नको, आणि तो नसेल तर दगडच नको!

जॅनिस रडायला लागली. पाद्रीबुवांनी कोश मिटला. "बरं," म्हणाले. नुसतं बरं!

काल नॉर्मनकडे दगड बघायला गेलो आम्ही तिघं. सुरेख काम. वर अर्नेस्ट सटक्लिफ, पार खाली स्टबर्न, आणि मध्ये ही एवढी मोकळी जागा. म्हटलं, नॉर्मन, ही फट कसली रे? तो बघतोय जॅनिसकडे, जॅनिस पाद्रीबुवांकडे, पाद्रीबुवा बुटांकडे. शेवटी नॉर्मनच म्हणाला, "ती तुझ्या नावाची जागा, मेव्हिस. यांनी सांगितलं, शब्द दोघांना पुरेल."

म्हटलं, मुळीच नाही! मी हट्टी? मी? मी एक अक्षर कोरू देणार नाही, मी तिथे येणारच नाही, हवं तर गाडा मला व्हिटबीला...! आणि तुम्हाला सांगते, तिघंही नुसते माझ्याकडे बघत उभे.

मग काय... म्हटलं, नॉर्मन, तो शब्द आणखी जरा खोल कोर बाबा. मला यायला वेळ आहे अजून.