मशिनीवरची धूळ

फडकं कशाला मागताय सायेब? — न्हाय, न्हाय, त्या मशिनीला हात लावू नका. फोटो काढायचाय न्हवं? काढा की, हाय तसा काढा. तुमी ऑडिटचं, सरकारनं दिलेली वस्तू नीट हाय का न्हाय बघायला बेळगावास्नं आलाय, ते कळलं मला. डॉक्टरसायेब मीटिंगला चिकोडीला गेल्यात, जाताना म्हणाले, मालुबाई, सायबास्नी डायलिसिसची खोली दाखव, आन मशीन जरा पुसून घे. खोली दाखवली. पुसणार न्हाय. मी ह्या दवाखान्यातली आया, झाडणं-पुसणं हेच माझं काम — तरीबी पुसणार न्हाय. हसताय व्हय? हसा.

बसा, त्या स्टुलावर बसा. खुर्चीवर नगं, ती पेशंटची. आन बघा तिच्याकडं — वरचा प्लास्टिकचा कागद अजून निघालेला न्हाय. आली तवापास्नं तशीच. का म्हंजे? तुमास्नी म्हाईत पायजे ते, मला काय विचारताय! मशीन आलं एका योजनेतनं, आन ते चालवायचा माणूस यायचा दुसऱ्या खात्यातनं. बजेटात मशिनीला पैसा ठेवला, माणसाला ठेवायचा राहिला. झालं! फीत कापली, पेढे वाटले, मीबी खाल्ला — आन दुसऱ्या दिवशी डॉक्टरसायेब म्हणाले, टेक्निशियन मंजूर होईस्तवर कुणी चालू करायचं न्हाय. बरोबरच हाय त्यांचं. माणसाचं रगात भाईर काढायचं, धुवायचं, परत अंगात घालायचं — तो काय मिक्सर हाय व्हय, कुणीबी बटण दाबायला?

मी मातर रोज पुसायची. कुणी सांगितलं नव्हतं. म्हटलं, आज न्हाय उद्या माणूस येईल, त्येला चकचकीत मिळू दे. मग खंडेनवमी आली. आपल्यात कात्र्यांची, ॲम्ब्युलन्सची पूजा असती की न्हाय — तशी मी ह्येचीबी केली. हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. नुसती वायर लावली की ह्येचा हिरवा दिवा लागतोय, तेवढं म्हाईत होतं, म्हणून वायर लावली. त्येच्या पुढं बोट लावलं न्हाय. पर दिवा लागला आन लई बरं वाटलं वो. काढूच वाटंना, राहू दिला तसाच.

दसरा झाला, आन दुसऱ्या दिवशी तुमच्यागतच एक टीम आली. माळ ताजी, दिवा चालू, मशीन आरशागत. साहेबलोक लई खूश — आया, तू ठेवतीस हे? मी म्हटलं, व्हय. मी त्यास्नी सोनंबी दिलं, आपट्याची पानं, दारात आलेल्याला देतोय तसं. हसत हसत खिशात घातली. खुर्चीवरचा कागद मातर एकालाबी दिसला न्हाय. ह्येच्यावर झोपतंय कोण, एकानंबी विचारलं न्हाय. आन लिवलं काय? मशीन चालू, निगा उत्तम. क्लार्क भरमूअण्णानं वाचून दाखवलं तवा माझी छाती फुगलती बघा! मग बजेट आलं, आन टेक्निशियनची मागणी आल्या वाटंनं परत — हाय त्या माणसांत मशीन चालतंय, जादा माणूस कशाला? आता बोला. ह्यात मी चूक काय केली? वस्तू स्वच्छ ठेवली, हीच न्हवं?

कळवलं की डॉक्टरसायबांनी, मशीन बंदच हाय म्हणून. वरनं काय आलं — पुढल्या तपासणीत बघू. पुढली तपासणी म्हंजे तुमी. तवापास्नं फडकं लावलं न्हाय मी. रोज दार उघडते, हात शिवशिवत्यात, लावत न्हाय. डॉक्टरसायेब म्हणत्यात, धूळ दिसली तर तुझ्यावर येईल मालुबाई. येऊ दे. आया कामचुकार हाय म्हणून लिवा, सही करते.

पेशंट? हाय की. आमच्या गल्लीतच एक हाय, तंबाखूच्या वखारीत हमाली करायचा. आठवड्यातनं दोनदा बेळगावला जातोय. पहाटेची बस. जाताना कसंबी जातोय, पर येताना अंगात जीव नसतोय, वंटमुरीच्या घाटात पोटात ढवळतंय, संकेश्वरपातुर मान खिडकीत टाकलेली. आन घर कुठं, तर ह्या खिडकीतनं दिसतंय. तो पत्रा बघा, निळा कागद घातलेला — न्हाय, त्येच्या डावीकडं, ते हिरवं पातळ वाळत घातलंय बघा, सकाळीच घातलं मी, घाईत पिळलंबी न्हाय धड...

व्हय. माझंच घर. माझाच मालक. सांगायचं नव्हतं तुमास्नी. तुमी म्हणणार, बाई घरच्यासाठी भांडतीय. मग काय परक्यासाठी भांडू?

लिवताय? नाव पायजे? लग्नात उखाण्यात घेतलं, त्येच्यानंतर मी त्यांचं नाव तोंडानं घेतलेलं न्हाय सायेब. आज घेते. लिवा — परशराम. मागली पाळी चुकवली त्यांनी, आन आजची बी. पहाटे म्हटलं, उठा वो, बस जाईल. भिंतीकडं तोंड केलं. पायाला सूज कसली आलीया — बोट दाबलं की खळगा पडतोय. मी रडले, भांडले, त्यांच्या पाया पडले. म्हणाले कसं, तुझ्या मशिनीवर माणूस येईल तवा सांग, चालत येतो.

चालत! आज उंबरा वलांडवंना त्यास्नी.

काढा आता फोटो. जवळनं काढा, खुर्चीवरचा कागद येऊ दे त्यात. — आन ते काय? रुमाल कशाला काढला? नंबर दिसंना? बरं, नंबरापुरतं बोटानं पुसा. नुसतं बोटानं. ओढलेलं बोट दिसू दे धुळीत, वरच्यास्नी कळू दे किती हाय. झालं? मग व्हा भाईर. कुलूप लावायचंय मला, घरात माणूस एकलाच हाय.