तापीवरचा ड्रोन

जळगाव स्थानकात सुलक्षणा धुळ्याच्या गाडीची वाट पाहत होती. शेजारच्या बाकावर दोन शिक्षक बोलत होते.

“अमृत सर, ड्रोनचं प्रशिक्षण अर्ध्यावर सोडलंत? मग शाळेत पोरांना शिकवणार कोण?”

“आमच्या शाळेतली नववीची एक मुलगी तापीत वाहून गेली, पारस सर. पोलिसांनी प्रशिक्षणातून मलाच बोलावलं, ड्रोन घेऊन.”

“सापडली?”

“तिचे वडील, चिंधाभाऊ, मला खेटून पडद्याकडे बघत होते. ‘सर, काही दिखस का?’ सारखं विचारत होते. तेवढ्यात मला बाभळीत अडकलेला गणवेश दिसला.”

“अरेरे! त्यांनी पाहिला?”

“नाही. मी कॅमेरा चटकन वळवला. बॅटरी संपेपर्यंत नुसतं पाणी दाखवत राहिलो.”

“आणि पोलिसांना?”

“ड्रोन उतरवल्यावर फौजदारांना बाजूला घेऊन सांगितलं. वळून बघतो तर चिंधाभाऊ फोनवर बायकोला सांगताहेत, ‘सरनी बठ्ठी नदी देखी. कोठेच नही शे. मनी पोर जित्ती शे!’”

“पोर जिवंत आहे म्हणाले? तुम्ही अडवलं नाहीत त्यांना?”

“अडवणार होतो. पण फोनमधून तिच्या आईचं रडणं ऐकू येत होतं ना, ते थांबलं.”

धुळ्याची गाडी लागली. सुलक्षणाला उठायचं सुचलं नाही.