कोणता धागा तुटला ते सांग

रामदासपेठेतल्या दवाखान्यात नाव नोंदवायच्या मशीनपाशी मधुकररावांच्या पुढच्या आजींचा आवाज मदतीला उभ्या असलेल्या मुलीवर चढला.

"काय म्हणते वं पोरी, तुझं मशीन?"

"माहिती चुकीची आहे म्हणते, आजी. सगळी पुन्हा भरा."

"चौथ्यांदा? चुकलं काय पण?"

"ते नाही सांगत ते."

"काहून नाही सांगत? चाळीस वर्षं माग चालवला म्या. धागा तुटला का तेवढाच जोडला. अख्खं लुगडं नाही फाडून फेकलं!"

"माझ्यावर काहून चिडून राहिल्या? पाहू द्या. हे पाहा, फोन नंबरात मधे जागा सुटली."

"बस, एवढंच?"

मधुकरराव रांग मोडून पुढे आले.

"अन् मी काल याच मशीनपायी घरी परत गेलो ना, पोरी! बायकोले सांगतलं, माझं डोकं चालेनासं झालं."