भावोजींचं बोट आणि खंदकातला सुरा

...आणि वर मलाच म्हणतात, "तुला नुसता गंज दिसतो, मला त्यात इतिहास दिसतो." आता तुम्हीच सांगा, काय बोलायचं अशा माणसापुढे? माझ्या ताईचे यजमान हो, माझे भावोजी. विमा कंपनीत आहेत. लोकांचे दावे नाकारायचे, हे त्यांचं काम. दिवसभर खुर्चीत बसून नाही-नाही म्हणायचं आणि घरी येऊन सुरे पुसायचे. सुरे म्हणजे भाजी चिरायचे नव्हेत, महायुद्धातले! पहिल्या आणि दुसऱ्या. खंदकात म्हणे बंदूक फिरवायला जागाच नसायची, समोरचा एकदम अंगावरच यायचा, तेव्हा हातघाईला वापरायचे ते हे सुरे. असे सुरे माझे भावोजी गोळा करतात. जो माणूस घरात पाल दिसली की पलंगावर चढून ताईला हाका मारतो, तो! छंद आहे म्हणे.

तुम्हाला सांगते, त्या घरात उजेडाची एकच खोली आहे. ताई शिवणकाम करते, लोकांचे कपडे उसवून-बसवून देते, म्हणजे उजेड कोणाला हवा? पण त्या खोलीत काचेची कपाटं आणि ताईचं मशीन स्वयंपाकघराच्या दारामागे. काळ्या कापडाला काळा दोरा ओवताना बिचारी डोळे फाडफाडून बघते आणि तिकडे सुरे मखमलीवर ऊन खात पडलेत. मखमलही तिचीच, गिऱ्हाइकाच्या झग्यातून उरलेली. बरं, घरात एवढे सुरे, पण टोमॅटो कापायला धारेचा एक असेल तर शपथ! टोमॅटो दाताखाली धरल्यासारखा चेंगरावा लागतो. मी एकदा म्हटलं, "भावोजी, त्यातला एखादा द्या की आत." तर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांच्या आईला भांडी घासायला मागितलं. ताई आपली म्हणते, "असू दे गं. बाकी कसलं व्यसन नाही ना त्यांना." हो, व्यसन नाही. छंद आहे म्हणे.

आणि हे एकटे नाहीत बरं का, यांचे जातभाई आहेत. एक दातांचे डॉक्टर आणि दुसरे आपले ते हातमोजेवाले. निवृत्त बँक मॅनेजर आहेत, पण खिशात कायम पांढरे हातमोजे, सुरा दिसला की आधी मोजे चढवणार. दर रविवारी चहाला जमतात आणि तिघं मिळून एका सुऱ्यावर वाकतात. त्याच्यावर तो काळपट-हिरवट थर असतो ना, त्याला हे लोक पॅटिना म्हणतात. आमच्याकडे मळ म्हणतात. डॉक्टर म्हणणार, "वाऽ, हात लागलेला नाही." हातमोजेवाले नाकाशी धरून म्हणणार, "अस्सल." आणि भावोजी मान खाली घालून असे लाजणार, जसं काही मुलगी दाखवायचा कार्यक्रम चाललाय. एकमेकांचं कौतुक करतात, पण पोटात नुसती आग! दुसऱ्याकडे जरा बरा सुरा आला की यांची झोप उडते.

तर एक दिवस भावोजींकडे आला एक सुरा. पहिल्या महायुद्धातला. पितळी मूठ, मुठीला चार भोकं, चार बोटं घालायला, आणि बाहेरून काटे. म्हणजे सुरा खुपसायला जमलं नाही तर निदान ठोसा तरी मारता यावा, अशी सोय. रविवारची दुपार होती, ते दोघं यायचे होते आणि मी ताईकडे ब्लाउज घ्यायला गेले होते. मला म्हणाले, "ये, पकड दाखवतो." मी म्हटलं नको. पण त्यांना दाखवायचीच होती. उजव्या हातात पुसायचं फडकं होतं म्हणून डावा हात घातला, कपाटाच्या काचेत स्वतःला बघितलं, छाती काढली, पोट आत घेतलं... ते काही गेलं नाही, पण प्रयत्न केला. आणि हात काढायला गेले, तर तीन बोटं बाहेर, अनामिका आतच!

अंगठी होती ना बोटात. लग्नातली. ती त्या भोकात शिरताना शिरली आणि मग पाचर बसावी तशी बसली. ओढलं, पिळलं, बोट टम्म सुजलं. ताई साबण घेऊन धावत आली, तर हे हात मागे नेतायत, "साबण नको, पॅटिना जाईल!" मशीनचं तेल आणलं, "हे तेल नको, डाग पडेल!" बर्फ आणला, तर म्हणाले पाणी मुरेल. मी म्हटलं, भावोजी, बोट वांग्यासारखं झालंय, मुरू दे की थोडं पाणी. तेवढ्यात बोट निळं पडायला लागलं आणि ताई म्हणाली, चला दवाखान्यात.

आता हातात सुरा घेतलेला माणूस रस्त्यावरून न्यायचा कसा? उशीचा अभ्रा गुंडाळला, तर टोक बाहेर. पहिला टॅक्सीवाला थांबला, टोक बघितलं आणि जो सुटला! दुसऱ्याला ताईनं खिडकीतून सगळी कहाणी सांगितली तेव्हा कुठे त्यानं दार उघडलं. दवाखान्यात पोचलो, तर दारावरचा रखवालदार दोन पावलं मागे सरकला. आणि तुम्हाला सांगते, मी डोळ्यांनी बघितलं, तेवढ्या दुखण्यातही भावोजी खूश झाले! जन्मात पहिल्यांदा त्यांना बघून कोणीतरी मागे सरकलं होतं.

आत एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं बोट बघितलं, दाबलं, सुई टोचून जाणीव आहे का विचारलं. म्हणाली, रक्त खेळत नाहीये. अंगठी कापायचं हत्यार आहे माझ्याकडे, पण ते आत शिरायलाच जागा नाही, तेव्हा मूठच कापावी लागेल, आणि लवकर, नाहीतर बोट हातचं जाईल. भावोजींचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, बोटाची भीती वाटली. कसलं काय! ते डॉक्टरणीच्या जवळ सरकले आणि अगदी हळू, ऑफिसात कोणाला तरी पटवावं तसं, म्हणाले, "डॉक्टर, दुसरा काही मार्ग? म्हणजे... बोटाच्या बाजूनं?"

तिला कळेचना. मग यांनी समजावून सांगितलं, की हात डावा आहे, बोट अनामिका आहे, लिहायला लागत नाही, टायपिंगलाही फारसं लागत नाही, आणि असा सुरा पुन्हा मिळणं नाही.

मी भावोजींकडे बघितलं नाही. मी ताईकडे बघितलं. त्यांचं कोपर धरून उभी होती, मघापासून तशीच, हात सुजू नये म्हणून वर धरून. ज्या बोटात तिनं अंगठी घातली, ते हा माणूस भंगारात काढत होता, तिच्यासमोर. माझी ताई कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही नाही चढवला.

"डॉक्टर, सुरा कापा," ती म्हणाली.

"तुला कळत नाही ते काय आहे," भावोजी म्हणाले.

"कळतं. ते पितळ आहे आणि हे तुमचं बोट आहे. आणखी एक शब्द बोललात, तर दोन्ही मी कापीन. माझ्या कात्रीनं. तिला धार नाही, वेळ लागेल."

खालून दुरुस्ती खात्याचा माणूस छोटं ग्राइंडर घेऊन आला, डॉक्टरीण पाणी सोडत राहिली, चुरा उडाला, आणि भावोजी डोळे मिटून घळाघळा रडले. डॉक्टरणीला वाटलं दुखतंय, तिनं आणखी एक इंजेक्शन दिलं! बोट वाचलं. अंगठीही अख्खी निघाली, ताईनं ती पर्समध्ये टाकली. भावोजींनी अजून विचारलेलं नाही, कुठे आहे म्हणून. मुठीचे तुकडे मात्र त्याच अभ्र्यात गुंडाळून, छातीशी धरून घरी आणले. छंद आहे म्हणे!

दुसऱ्या दिवशी ते दोघं आले. आजाऱ्याला भेटायला नव्हे हो, सांत्वनाला. माना खाली घालून बसले. भावोजींचा हात हा एवढा पांढरा बांधलेला, गळ्यात अडकवलेला, त्याच्याकडे एकानं ढुंकून बघितलं नाही. दातांचे डॉक्टर नुसते म्हणाले, "फार वाईट झालं." मग हातमोजेवाल्यांनी मोजे चढवले, तुकडे हळूच उचलले, खिडकीपाशी नेले. बघितलं. पुन्हा बघितलं. डॉक्टरांना खुणेनं बोलावलं. कापलेल्या जागी आत पितळ नव्हतंच. आत पांढरट, बुडबुड्यांनी भरलेला कसलासा हलका धातू आणि वर नुसता पिवळा मुलामा. मळसुद्धा चढवलेला!

कोणाचं दुःख बघून इतका आनंदलेला चेहरा मी आयुष्यात बघितला नव्हता. "नक्कल फार सुरेख आहे हं," असं म्हणून हातमोजेवाले बसले आणि दोघांनी बशीतली सगळी बिस्किटं संपवली. भावोजी भिंतीकडे बघत होते. या मुलामा दिलेल्या खोटेपणासाठी आपण बोट द्यायला निघालो होतो, हे त्यांच्या डोक्यात शिरलं असावं. मला वाटलं तरी, शिरलं असावं.

मग बरेच दिवस ते त्या खोलीत गेले नाहीत. कपाटांवर धूळ बसली. ताईला वाईट वाटायचं, पण एक दिवस बघते तर ती टेप घेऊन त्या खोलीच्या खिडकीखालची जागा मापत होती. मला म्हणाली, "मशीन बसेल बघ इथं." मी म्हटलं, चला, एका बोटाच्या सुजेवर सुटली बाई!

आणि परवा गेले, तर भावोजी दारातच, चेहरा फुललेला. त्याच खिडकीखाली नवीन कपाट, आणि त्यात सुरे, आधीपेक्षा जास्त. मी म्हटलं, पुन्हा? तर मला म्हणाले, "हे सगळे नकली आहेत. अस्सल काय, कोणीही जमवतो. उत्तम नक्कल ओळखायला नजर लागते." छंद आहे म्हणे...

ताई दारामागे जाऊन मशीनवर बसली. अस्सलाचं एक बरं होतं हो. लढाई कधीच संपली होती, सुरे कधी ना कधी संपले असते. नकली तर रोज नवे बनतात!