रिकामा डबा

"मंदीचे दिवस आहेत. नवरा डबा खातो का, विचारत जा गं," असं शेजारच्या भवानीअक्का म्हणाल्या, तेव्हा देविकानं ते हसण्यावारी नेलं होतं. तिच्या नवऱ्याचा, कुशलचा डबा रोज चाटूनपुसून रिकामा येई.

आज चेन्नईच्या वेलचेरी स्टेशनात लेकीला मांडीवर थोपटत असताना मागच्या बाकावरचं मराठी बोलणं तिच्या कानावर पडलं.

"दिनकरराव, मंदीनं एक बरं केलं. तुमच्या कारखान्यात मोटारी निम्म्याच बनतात, म्हणजे धूरही निम्मा!"

"कसला निम्मा! रंग वाळवायची भट्टी रिकामी असली तरी तापलेलीच ठेवावी लागते. धूर जेमतेम दहा टक्के उतरला."

"मग निम्मं काय झालं?"

"माणसं."

"तुम्ही आहात ना पण?"

"धुराची नोंद मीच ठेवायचो. महिना झाला काढून."

"मागणी वाढली की बोलावतील हो."

"मागच्या मंदीनंतर धूर लगेच वाढला. माणसं काही परत आली नाहीत."

"वहिनी काय म्हणतात?"

"तिला कुठं माहितेय? रोज डबा घेऊन निघतो, इथं येऊन बसतो."

"जेवता तरी का?"

"घास उतरत नाही. कुत्र्यांना घालतो. डबा रिकामा गेला की तिला शंका येत नाही."

देविकानं तिथूनच कुशलला फोन लावला. रिंग वाजत राहिली.

तुमच्याही माणसाचा डबा रोज रिकामा येत असेल, तर आज एकदा त्याला विचारून बघा.