तट्टांचा गट कोणी बंद केला?

आदरणीय अध्यक्ष ग्रॅहम पॅटिसन, व्यासपीठावरील पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती थेल्मा ड्रिस्कॉल, आणि थंडी सोसून डोंगराळ वाड्यांवरून आलेल्या माझ्या घोडेवाल्या बंधुभगिनींनो,

एकतीस वर्षं आपल्या प्रदर्शनात घोडे पारखणाऱ्या बाईंना आपण 'वयोमानानुसार' निरोप देतोय, असं पत्रिकेत छापलंय. वयोमान कसलं? 'लहान जनावरांना गर्दी जमत नाही' म्हणून समितीने तट्टांचा गट बंद केला आणि बाईंनी राजीनामा दिला. हे छापायला शाई कमी पडली काय?

नऊ वर्षांपूर्वी बर्फ वितळत असताना मी, क्लॉड रेनी, दलदलीपलीकडच्या घळीत पाय मोडून पडलो होतो. समितीने मला आणायला क्लाइड्सडेल जातीचा घोडा काढला. देखणा, टनभर वजनाचा, ताटाएवढ्या खुरांचा. भरल्या गाड्या ओढाव्यात त्यानेच, त्याबद्दल वाद नाही. पण थेल्माबाई म्हणाल्या, "ग्रॅहम, ही जमीन त्याला पेलणार नाही. माझी तिमोर बेटाकडच्या जातीची तट्टाणी हलकी आहे, पाय बघून टाकते. तिला जाऊ दे."

"त्या कुत्र्याएवढीवर माणूस बसवणार? क्लॉडचे पाय जमिनीला घासतील की."

"एक तर मोडलाच आहे. दुसरा घासू दे."

क्लाइड्सडेल पोटापर्यंत रुतला. सगळी माणसं त्याला उपसण्यात गुंतली. बाई मात्र तट्टाणी घेऊन लांबच्या वाटेने आल्या, मला तिच्या पाठीवर घातलं आणि स्वतः गुडघाभर चिखल तुडवत घरी आणलं.

आणि या सभागृहात फोटो कोणाचा लागला? क्लाइड्सडेलचा! 'क्लॉडचा तारणहार'. शेजारी कुबड्या घेऊन हसतोय तो मीच. मोठ्या घोड्याचे मालक मोठे लोक, म्हणून गप्प बसलो. संताप समितीचा येतो, मंडळी, पण त्याहून जास्त माझा येतो.

काल माफी मागायला गेलो. बाई खरारा करत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "माफी घेऊन मी काय करू? गट चालू करून दे."

म्हणून अध्यक्षमहाराज, हा त्रेचाळीस सभासदांच्या सह्यांचा अर्ज. पहिली ओळ आपल्यासाठी कोरी ठेवलीय. आपली सही झाल्याशिवाय सत्काराच्या चांदीच्या तबकाला हात लावणार नाही, असं सत्कारमूर्तींनी कळवलंय.

ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कुठे तोल गेला असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. पेन मी आणलंय.