शेजारच्या खोलीत माझी बायको

सन्माननीय अध्यक्षा, मंचावरचे पाहुणे, आज आमचा दवाखाना सोडून निघालेले सत्कारमूर्ती, आणि तपासणीच्या यंत्रावर कधी ना कधी हनुवटी टेकवून बसलेल्या समस्त मंडळींनो, नमस्कार.

सत्कारमूर्तींबद्दल चार चांगले शब्द बोलायला मला उभं केलंय. ते शब्द आधीच्या वक्त्यांनी संपवले, म्हणून मी आपलं खरं बोलतो. मला या माणसाचा हेवा वाटतो.

आम्ही दोघं कॉन्टॅक्ट लेन्स बसवणारे. शिक्षण तेच, यंत्रं तीच, मध्ये एक पातळ भिंत. तरी पेशंट माझ्या दारात येऊन विचारणार, ते सर आहेत का? मी रिकामा आहे म्हटलं, तर म्हणतात, आम्ही थांबतो. भट्टीपुढे बेकरीवाल्याचे डोळे कोरडे पडतात, त्याला वेगळी लेन्स. व्हायोलिन वाजवणाऱ्या बाईंना हातभर अंतरावरची स्वरलिपी वाचायची असते, त्यांना वेगळी. मला काय हे येत नाही? अहो, येतं. पण नाव यांचंच निघतं.

एवढंही मी गिळलं असतं. पण माझी बायको! समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे. आत्ता तिनं डोळे वटारलेत, तेही इथून स्वच्छ दिसतायत. ती कपडे शिवते. तिला आधी लेन्स मीच बसवल्या. बुबुळाची गोलाई मोजली, तक्त्यावरची शेवटची ओळ तिनं धडाधड वाचली. सुईसाठी वरून चाळिशीचा चष्मा दिला. यात चुकलं कुठे? आठवड्याभरात लेन्स डबीत आणि बाईसाहेब शेजारच्या खोलीत. हा गृहस्थ वीतभर अंतरावरून तिच्या डोळ्यांत बघत होता, आणि भिंतीपलीकडून मला तिचं हसणं ऐकू येत होतं. माझ्या खुर्चीत ती एकदाही हसली नव्हती.

संध्याकाळी हात धुता धुता हे मला सहज सांगतात, "वहिनींना एका डोळ्याला जवळची दिलीय आणि एकाला दूरची. म्हणाल्या, सुईत दोरा ओवता आला पाहिजे आणि मान वर केली की समोर बसलेला नवरा दिसला पाहिजे. त्या चष्म्यातून तुझा चेहरा धूसर दिसतो, तू रागावलायस की हसतोयस तेच कळत नाही म्हणे."

आता तुम्हीच सांगा, माझी बायको माझ्याबद्दल असं बोलते, आणि ते मला दुसऱ्याकडून कळावं? माझ्याशी ती बोलते ते किराण्याबद्दल, नाहीतर गळक्या नळाबद्दल. त्या दिवशी माझा नुसता जळफळाट झाला. आजही होतोय.

पाहुणे घड्याळ बघतायत, आवरतो.

हे गावाच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचा दवाखाना थाटतायत. मला वाटलं, चला, बायको आता माझ्या खुर्चीत परत येणार. तर आज सकाळीच तिनं मला नव्या जागेचा पत्ता विचारला. दोन बस बदलाव्या लागतील, मी म्हणालो. बदलीन, म्हणाली.

अध्यक्षांचे आणि संयोजकांचे मनापासून आभार. निरोपाच्या दिवशी जीभ जरा सैल सुटली असेल, तर ते मोठ्या मनानं पोटात घाला.

आणि मित्रा, तुझ्याकडे एकच मागणं. ती आली की नीट तपास, हवं तेवढं बोलू दे. फक्त माझ्याबद्दल काय म्हणाली ते मला सांगू नकोस. ते मला तिच्या तोंडून ऐकायचंय.